सर्व्हरच्या गर्दीत डिस्कची कुरकुर ऐकायची कशी

“रात्री सगळं ठीक होतं, सकाळी बघतो तर डिस्क गेलेली.” सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य कधी ना कधी येतंच. माझ्याही आलं आहे. पण नंतर जुने लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी, उघडून शांतपणे वाचले, तेव्हा दिसलं की ती डिस्क तीन आठवडे कुरकुरत होती. एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा मजकुराचा छोटा तुकडा, वाचायला तिला अनेक सेकंद लागले होते, एका ठिकाणी आज्ञा वेळेत पुरी झाली नव्हती. आम्हाला ते कळलं नाही, कारण सर्व्हरवर गर्दी होती आणि सर्व्हर हळू झाला की खापर गर्दीवर फोडायची सवय होती.

ज्या सर्व्हरवर काम जास्त, तिथे डिस्कची तक्रार सर्वांत जास्त दडपली जाते. म्हणून डिस्क जपायची म्हणजे दोन गोष्टी करायच्या: तिच्यावरचं फुकटचं ओझं काढायचं, आणि तिला स्वतःची तब्येत तपासायला, सांगायला जागा ठेवायची.

आत काय चालतं ते आधी बघू. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. सर्व्हरमधल्या नेहमीच्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. साडेतीन इंची डिस्कच्या चकतीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे धावत असते. त्या धावत्या पृष्ठभागावर वाचणारं-लिहिणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस त्या उंचीच्या हजारो पटींनी जाड असतो. हेड चकतीला टेकत नाही, चकतीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते उचललेलं राहतं. मोठ्या क्षमतेच्या नव्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरलेला असतो. हे यंत्र वर्षानुवर्षं चालतं याचंच खरं तर मला अजून कौतुक वाटतं.

आता वेळेचा हिशेब. चकतीच्या एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला तुकडा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य रेषेवर पोहोचायला साधारण ८ मिलिसेकंद. म्हणजे इथला थोडा, तिथला थोडा असा विखुरलेला मजकूर मागितला, तर एक डिस्क सेकंदाला ऐंशी-शंभर मागण्याच पुऱ्या करू शकते. सलग वाचायला सांगितलं तर तीच डिस्क सेकंदाला दोनशे-अडीचशे मेगाबाइट सहज देते. गर्दीच्या सर्व्हरवर सलग काम क्वचितच मिळतं. शंभर जण शंभर ठिकाणचं मागतात, हेड सतत इकडून तिकडे धावतं आणि मागे रांग लागते.

मग या धावपळीने डिस्क लवकर मरते का? इथे सोपं उत्तर मिळत नाही. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी नव्या आणि अगदी जुन्या डिस्क सोडल्या, तर जास्त काम आणि जास्त बिघाड यांचा त्यांना ठळक संबंध सापडला नाही. दुसरीकडे, डिस्क बनवणाऱ्या कंपन्या वर्षाला किती डेटाची ने-आण करावी याची मर्यादा छापतात. घरगुती डिस्कसाठी ती बहुधा ५५ टेराबाइट असते, छोट्या सामायिक साठवणीच्या डिस्कसाठी १८०, आणि सर्व्हरच्या डिस्कसाठी ५५०. यात लिहिणं आणि वाचणं दोन्ही धरलेलं असतं, हे अनेकांना माहीत नसतं. घरगुती डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट वेगाने अखंड चालवली, तर तिची वर्षभराची मर्यादा जेमतेम अडीच दिवसांत संपते.

माझं मत असं: कामाला घाबरू नका, पण त्या कामासाठी बनवलेली डिस्क घ्या. पैसे वाचवायला सर्व्हरमध्ये घरगुती डिस्क टाकू नका. आणि लहान-लहान विखुरलेल्या मागण्यांचं काम, मुख्यतः डेटाबेस, हार्ड डिस्कवरून एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर हलवा. हार्ड डिस्ककडे मोठ्या फायली, जुने लॉग, बॅकअप एवढंच राहू द्या. एवढा एक बदल बाकी सगळ्या बारीकसारीक उपायांपेक्षा जास्त फरक पाडतो.

फुकटचं ओझं

चालू सर्व्हरवर डिस्क जे काम करते त्यातलं बरंचसं कुणी मागितलेलंच नसतं. रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम रॅममधला मजकूर डिस्कवर टाकते आणि परत उचलते, याला स्वॅप म्हणतात. स्वॅप सतत चालू दिसला तर डिस्कचं काही बघण्याआधी रॅम वाढवा. डेटाबेसला पुरेशी रॅम दिली तर तीच ती पानं तो पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचत नाही.

लॉगचंही तसंच. कुणीतरी एखादी चूक शोधायला तपशीलवार लॉग चालू करतं, चूक सापडते, लॉग तसाच राहतो. मग प्रत्येक भेटीमागे दहा ओळी डिस्कवर पडत राहतात. लिनक्समध्ये पूर्वी एखादी फाइल नुसती वाचली तरी ‘शेवटी कधी वाचली’ ही नोंद लिहिली जायची, म्हणजे वाचण्याच्या पोटी लिहिणं. २००९ पासून ही सवय मूळ मांडणीतच बरीच कमी केली आहे. ती नोंद कुठलाच प्रोग्राम वापरत नसेल, तर नोएटाइम हा पर्याय लावून पूर्ण बंद करता येते.

आणि रात्रीचे दोन! बॅकअप दोनला, अहवाल दोनला, व्हायरस तपासणी दोनला, शोधासाठीची सूची (इंडेक्स) नव्याने बांधणं दोनला. प्रत्येकाने शांत वेळ म्हणून तीच वेळ निवडलेली असते. ही कामं एकामागून एक लावली तर तेवढंच काम हेडला कितीतरी कमी धावपळीत होतं.

उलट्या टोकाचाही एक त्रास आहे. वीज वाचवणाऱ्या काही डिस्क काही सेकंद काम नसलं की हेड बाजूला नेऊन ठेवतात. घरी हे चालतं. सर्व्हरवर दर अर्ध्या मिनिटाला लॉगची एक ओळ लिहिली जात असेल, तर हेड दर अर्ध्या मिनिटाला बाजूला जातं आणि परत येतं. दिवसाला २,८८० वेळा. अशा डिस्कची हमी बहुधा तीन लाख फेऱ्यांची असते, ती साडेतीन महिन्यांत संपते. ही झोपायची सवय सेटिंगमधून बंद करता येते.

हादरे, उष्णता, वीज

नॅनोमीटरच्या उंचीवर तरंगणाऱ्या हेडला हादरा म्हणजे काय, हे २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने फार साध्या रीतीने दाखवलं. तो चालू डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन जोरात ओरडला, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कच्या उत्तराला लागणारा वेळ लगेच वर गेला. २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या यंत्रणेची चाचणी घेतली. वायू बाहेर पडतानाच्या प्रचंड आवाजाने अनेक हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा काही तास बंद पडल्या. आग नव्हती, पाणी नव्हतं, फक्त आवाज होता.

एका पेटीत बारा डिस्क असल्या तर त्या एकमेकींनाही हादरवतात. सर्व्हरसाठीच्या डिस्कमध्ये हा हादरा ओळखून हेड सावरणारे सेन्सर असतात, घरगुती डिस्कमध्ये बहुधा नसतात. ट्रे पूर्ण आत बसलेला, स्क्रू सगळे लावलेले, खडखडणारा पंखा बदललेला, एवढं तरी आपल्या हातात आहे. एखाद्या पेटीतल्या सगळ्याच डिस्क एकदम मंद झाल्या, तर आधी पंख्याला हात लावून बघा.

उष्णतेबद्दल गूगलच्या त्याच अभ्यासाने अनेकांना चकित केलं. मध्यम तापमानाच्या पट्ट्यात थोडी जास्त गरम डिस्क जास्त मरते, असं त्यांना दिसलं नाही. थंड डिस्कची स्थितीच काहीशी वाईट होती. फार जास्त तापमानात आणि जुन्या डिस्कमध्ये मात्र उष्णता बाधली. म्हणून खोली गोठवू नका. डिस्क साधारण ३० ते ४५ अंशांत ठेवा आणि तिथेच स्थिर ठेवा. बऱ्याच डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते, तिच्या जवळ जायचं कारण नाही. बाहेरची हवा आत घेऊन थंड केलेल्या डेटा सेंटरवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात तापमानापेक्षा दमटपणाचा बिघाडाशी जास्त संबंध दिसला. थर्मामीटर सगळे लावतात. शेजारी आर्द्रता मोजणारा मीटरही लावा.

वीज अचानक गेली की डिस्क उरलेल्या फेऱ्यांच्या जोरावर हेड घाईने बाजूला ओढते. हे एखाद-दुसऱ्या वेळी ठीक, रोज नाही. यूपीएस असावाच, पण त्याने सर्व्हरला सांगून नीट बंद करायला लावणारी जोडणीही केलेली असावी. ती अनेक ठिकाणी राहून जाते आणि बॅटरी संपली की व्हायचं ते होतंच. शिवाय डिस्क सुरू होताना सर्वांत जास्त वीज खेचते, १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर. चोवीस डिस्क एकदम फिरायला लागल्या तर तेवढ्यालाच पावणेसहाशे वॅट लागतात. त्या थोड्या-थोड्या वेळाने सुरू होतील अशी सोय कंट्रोलरमध्ये, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डात असते, ती चालू ठेवा.

पाच आकडे आणि एक केबल

प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची वही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. वहीत डझनभर नोंदी असतात आणि त्यातल्या बऱ्याच निरुपयोगी. बघायचे ते पाच: क्रमांक ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. पाचवा सांगतो की किती खराब सेक्टर बाजूला काढून राखीव जागेत हलवले. १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका, १८८ म्हणजे वेळेत पुऱ्या न झालेल्या आज्ञा. १९७ म्हणजे संशयाच्या यादीत टाकलेले सेक्टर आणि १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले.

या आकड्यांवर किती विसंबायचं? बॅकब्लेझ ही साठवणूक कंपनी आपल्या डिस्कची आकडेवारी जाहीर करते. २०१६ मध्ये तिने सांगितलं की निकामी झालेल्या डिस्कपैकी सुमारे ७७ टक्क्यांमध्ये या पाचातला किमान एक आकडा शून्याच्या वर गेला होता. चालू डिस्कमध्ये हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं. गूगलचा निष्कर्ष इतका आशादायक नव्हता. त्यांनी महत्त्वाच्या मानलेल्या चार इशाऱ्यांपैकी एकही नसताना गेलेल्या डिस्क ५६ टक्के होत्या. पण इशारा आला की तो गंभीर असतो, हेही त्यांनीच दाखवलं: पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होते.

म्हणजे वही कोरी असली म्हणून निर्धास्त राहू नका, आणि वहीत नोंद आली तर वाट बघू नका. आकडा किती आहे यापेक्षा तो हलतो आहे का, हे बघा. पाचवा आकडा वर्षभर ८ वर थांबला असेल तर लक्ष ठेवून चालवता येईल. सोमवारी ८, गुरुवारी २४ झाला तर शुक्रवारपर्यंत डिस्क बदललेली असली पाहिजे.

१९९ ही नोंद वेगळी. ती वाढली तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो. केबल बदलायच्या आधी चांगली डिस्क फेकून दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि नव्या डिस्कवर तोच आकडा वाढताना पाहून चेहरे पडलेलेही.

गर्दीत डिस्क ओळखायची आणखी एक खूण आहे, आणि ती वहीत कधीच लिहिलेली नसते. एकत्र जोडलेल्या एकाच गटातल्या आठ डिस्कना साधारण सारखंच काम मिळतं. आयओस्टॅटसारख्या साधनात प्रत्येक मागणीला लागणारा वेळ बघा. सात डिस्क १५ मिलिसेकंदांत उत्तर देतात आणि आठवी ९० घेते, तर आठवी आजारी आहे, वहीत काहीही लिहिलेलं असो. सगळ्यांची सरासरी बघितली तर हे लपतं. एकेकीची तुलना केली तर लगेच दिसतं.

न वाचलेले कोपरे

डिस्कच्या मोठ्या भागाला महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही. तिथे एखादा सेक्टर खराब झाला तर तो वाचायची वेळ येईपर्यंत कळत नाही. २००७ मधल्या एका अभ्यासात १५ लाखांहून जास्त डिस्क ३२ महिने पाहिल्या, त्यांतल्या ३.४५ टक्क्यांमध्ये असे लपलेले खराब सेक्टर निघाले. निम्म्याहून जास्त चुका पकडल्या त्या स्क्रबने, म्हणजे काम कमी असताना सगळी डिस्क ओळीने वाचून काढणाऱ्या फेरीने. डेबियन लिनक्सवर डिस्कच्या गटाची ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. गर्दीच्या सर्व्हरवर काही जण ती “सर्व्हर हळू होतो” म्हणून बंद करतात. ती बंद करू नका, तिचा वेग कमी करा. दोन-तीन दिवस चालली तरी चालेल.

हे इतकं महत्त्वाचं का, ते एक डिस्क गेल्यावर कळतं. अनेक डिस्क एकत्र जोडून एकीची उणीव बाकीच्यांनी भरून काढायची, ही रेडची कल्पना. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तिला १९८८ मध्ये हे नाव दिलं. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. नवी डिस्क घातली की बाकीच्या सगळ्या अथपासून इतिपर्यंत वाचून तिच्यावर मजकूर पुन्हा रचला जातो. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइटने भरायला २२ तास लागतात, तेही सर्व्हरवर दुसरं काहीच काम नसेल तर. गर्दीत हेच काम चार-पाच दिवस रेंगाळतं.

आणि तेव्हाच दुष्काळात तेरावा महिना येतो. उरलेल्या डिस्कवर नेहमीचं काम अधिक रचनेचं काम, त्यात वर्षभर न वाचलेले कोपरे आता वाचावेच लागतात. घरगुती डिस्कमध्ये न वाचता येणाऱ्या चुकीचं छापील प्रमाण असतं एक कोटी कोटी बिटांमागे एक, म्हणजे १२.५ टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, पण १० टेराबाइटच्या पाच डिस्कच्या गटात एक गेली की ४० टेराबाइट वाचावे लागतात, हे लक्षात घ्या. म्हणूनच मोठ्या डिस्कना रेड ५ लावू नये, दोन डिस्क गेल्या तरी तग धरणारं रेड ६ लावावं, असं मी ठामपणे सांगतो. स्क्रब नियमित असेल तर हे लपलेले खड्डे आधीच बुजवलेले असतात.

दुसरी डिस्क जायला आणखी एक कारण असतं. सगळ्या डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात. त्या एकाच वयाच्या, एकाच कारखान्यातल्या, सारखंच काम केलेल्या. २०१९ मध्ये एका कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला की फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, आणि आतला मजकूर परत मिळणार नाही. एकत्र सुरू केलेल्या सगळ्या एकाच तासाला गेल्या असत्या. तिथे रेड काय करणार? डिस्क वेगवेगळ्या खेपांतून घ्या, जमलं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि फर्मवेअरच्या सूचना वाचत जा.

घरगुती डिस्क रेडमध्ये आणखी एका कारणाने गोत्यात आणते. खराब सेक्टर लागला की ती मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ तोच वाचायचा प्रयत्न करते. कंट्रोलर इतका वेळ थांबत नाही, तो तिला मेलेली समजून गटाबाहेर काढतो. सर्व्हरची डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानते आणि तो तुकडा इतर डिस्ककडून रचू देते. तुमच्या डिस्कमध्ये ही मर्यादा लावता येते का ते बघा. काही डिस्कमध्ये दर वेळी सर्व्हर सुरू करताना ती पुन्हा लावावी लागते.

बॅकअपबद्दल थोडक्यात. चुकून पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसतं, त्यामुळे रेड म्हणजे बॅकअप नव्हे. आणि बॅकअप परत उतरवून पाहिलेला नसेल तर तो आहे असं धरू नका. डिस्क गेल्यावर ते तपासणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

नवी डिस्कही लगेच कामाला जुंपू नका. थंड जागेतून आणलेली डिस्क काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत-बाहेर दव धरतं. मग तिची लांब चाचणी घ्या, एकदा पूर्ण लिहून पूर्ण वाचून बघा. मोठ्या डिस्कला यात दोन-तीन दिवस जातात. वाहतुकीत मार बसलेली डिस्क पुष्कळदा याच दिवसांत उघडी पडते, तेव्हा तिच्यावर कुणाचा मजकूर नसतो.

शेवटी बदलण्याची वेळ. सर्वांत वाईट बिघाड मी डिस्कमुळे झालेला पाहिला नाही, हातामुळे झालेला पाहिला. गटातली एक डिस्क मेली होती आणि घाईत शेजारची चांगली ओढली गेली. सॉफ्टवेअर ज्या क्रमाने डिस्क मोजतं तो पेटीतल्या क्रमाशी जुळेलच असं नाही. म्हणून सर्व्हर बसवतानाच प्रत्येक ट्रेच्या तोंडावर डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे चिकटवा. बदलताना पडद्यावरचा अनुक्रमांक आणि चिठ्ठी दोन वेळा जुळवा, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. मग ट्रे दोन बोटं बाहेर ओढा आणि तिथेच थांबा. चकत्या अजून फिरत असतात. अर्धा मिनिट जाऊ द्या, गुणगुण थांबली की मगच बाहेर काढा. ती डिस्क चुकीची निघाली, तर निदान परत लावता येईल अशा स्थितीत तरी असेल.